एकास बहात्तर

आधी थर्माकोल. त्यावर वर्तमानपत्राचे कपटे,
फेविकॉलच्या पाण्यात भिजवलेले, तीन थर.
मग पीओपी, ताकासारखं नाही, दह्यासारखं.
इथवर कुठलीही जमीन सारखीच असते.

पुढे मात्र विचारावं लागतं : कुठली?

दुकानात, रे रोडला, हा प्रश्न येत नाही.
तिथे मी दिवसभर बिल्डरांसाठी हिरवळ चिकटवते.
तयार रोल मिळतो, कात्रीनं कापायचा,
वर स्पंजची झाडं, सगळी एका वयाची.
मर्चंटशेठ म्हणतात, माती नको दाखवूस,
माती दिसली की गिऱ्हाईक पाय झटकतं.

घरी, भांडुपला, शिवणयंत्राच्या टेबलावर
मी बाबांचं मिठागर करतेय.
अडीच फूट बाय दीड.

खाडीकडची माती आणली डब्यातून,
तव्यावर भाजली, किडे मरावेत म्हणून;
दोन दिवस घराला ओहोटीचा वास होता,
आई खिडकीत बसून जेवली.
एवढं करून टाकली, तर खोटी दिसली.
खऱ्या मातीचा एक कण
एकास बहात्तरात धोंडा होतो.
मलमलीतून चाळली. पुन्हा चाळली.
शेवटी जो बसला तो चहाचा वाळवलेला चोथा,
उदबत्तीची राख, आणि पोस्टर कलरमधला करडा,
ज्यात थेंबभर जांभळा पडल्याशिवाय
चिखल चिखल होत नाही.

मीठही आधी खरंच घातलं होतं.
शेवटच्या हंगामाचं, बाबांनी
मुरंब्याच्या बरणीत जपलेलं.
आठवड्यात त्यानं हवेतलं पाणी ओढलं,
रास खचली, बांध फुगला, खालचा पुठ्ठा गेला.
बाबा नुसते हसले : त्याला कोन कोंडनार?
आता तिथे संगमरवराची पूड आहे.
ती कुठेच जात नाही.

बाबा म्हणजे काथोड केणी, अडतीस वर्षं आगरात.
संध्याकाळी चहा घेऊन टेबलाशी उभे राहतात.
छान आहे असं एकदाही म्हणालेले नाहीत.
पहिल्याच दिवशी चष्मा पुसला आणि म्हणाले,
उतार उलटा झालाय.
पाणी तापवणीतून मिठाच्या वाफ्यात यायला हवं,
तुझं परत खाडीला चाललंय.
दीड मिलिमीटर होता. तासून काढला.

मग मी हौसेनं टाचणीच्या टोकानं
वाफ्याच्या तळावर पावलं उमटवली,
अनवाणी, ओळीनं,
इथे माणसं होती हे कळावं म्हणून.
बाबांनी भिंग धरलं. बराच वेळ.
"पाऊल दिसला त आगर कच्चा."
मार्गशीर्षभर ते आणि आणखी अकरा जण
खांद्याला खांदा लावून तळ तुडवायचे,
रोज, इतका, की शेवटी
कुणाचाच पाय त्यावर उठू नये.
मी ओला ब्रश घेतला.
उमटवायला वीस मिनिटं लागली होती,
मिटवायला रात्रीचे दीड वाजले.

परवा दुकानात नवं काम आलं.
नकाशावरचा सर्व्हे नंबर ओळखीचा निघाला.
शेठनी हिशेब केला : हिरवा रोल, चौदा फूट.
मी कात्रीला धार लावून आणली.
घरी हे सांगितलं नाही.

आज रेझिन ओतलं.
"पानी सोरलंस?" त्यांनी आतून विचारलं.
सोडलं, म्हटलं. आता चोवीस तास
धूळ बसता कामा नये, मुंगी फिरता कामा नये,
पंखा बंद.
मी झोपायला गेले. ते नाही गेले.
खुर्ची ओढली, टॉर्च घेतला,
डोक्याला पंचा गुंडाळला
(घरात, बंद खिडक्यांत, घामाघूम)
आणि उधाणाच्या रात्री बांधावर बसायचे
तसे बसले, गुडघे पोटाशी.

तीनला पाणी प्यायला उठले
तर टॉर्च चालूच. उजेड माझ्या पायांवर आला.
हलू चाल बाय, म्हणाले.
भरती हाय.